शेवटी एकट्याच्या घरी

लूकच्या शुभवर्तमानातला लाजरसचा दाखला वाचताना माझं लक्ष दर वेळी त्या श्रीमंत माणसाकडेच जातं. त्याने लाजरसचं काही हिरावून घेतलेलं नाही. त्याला दारातून हाकललेलंही नाही. तो रोज चैनीत जेवतो, तलम वस्त्रं घालतो आणि त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला एक माणूस पडून असतो, एवढंच. मग दोघेही मरतात. मला सर्वांत जास्त हलवून सोडतं ते त्यानंतरचं संभाषण. यातना भोगत असतानाही तो श्रीमंत लाजरसशी बोलत नाही. मेल्यावर लाजरस ज्याच्याजवळ विसावला आहे त्या पूर्वज अब्राहामाला तो म्हणतो, लाजरसला पाठव, त्याला बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ गार करू दे. नंतर म्हणतो, त्याला माझ्या भावांकडे धाड. म्हणजे त्याला लाजरसचं नाव ठाऊक होतं! दाराशी पडून राहिलेल्या माणसाला तो नावानिशी ओळखत होता, आणि मेल्यावरही तो माणूस त्याच्या लेखी सांगकाम्याच राहिला.

जगातलं दारिद्र्य कमी करण्यासाठी कॅथलिक माणसाने काय करावं, हा प्रश्न पडला की मी या दाखल्यापाशी येऊन थांबते. ‘द्यावं’ हे त्याचं पहिलं उत्तर, आणि ते खरंच आहे. देणं थांबलं तर आज रात्री कुणीतरी उपाशी झोपेल. पण देणारा मेजावर बसून देत राहिला आणि घेणारा दाराशीच राहिला, तर देऊनही दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. आपण जे काही करू, त्यात गरीब माणूस आपल्या बरोबरीने बसलेला हवा. काय करायचं हे ठरवताना, हिशेब बघताना आणि देतानासुद्धा. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे, आणि ते सांगायला चर्चच्याच इतिहासात मुबलक पुरावा आहे.

आधी आकडे. जागतिक बँकेने २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा दिवसाला तीन डॉलरवर आणली. तिच्याखाली जगणारी माणसं सुमारे ८० कोटी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी माणसांना पोटभर अन्न मिळत नव्हतं. जगातले कॅथलिक सुमारे १४० कोटी, आणि त्यांतले बहुसंख्य आज लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या खंडांत राहतात. हे आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट उघड होते. ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, एकीकडे आणि गरीब दुसरीकडे, असं चित्र कुठेच नाही. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, भाकरीच्या रूपात एकाच प्रभूचं शरीर स्वीकारणाऱ्यांत कोट्यवधी माणसं अशी आहेत, ज्यांच्या घरी त्या दिवशी दुसरं फारसं काही नसतं. ती बाहेरची नाहीत. तीच चर्च आहेत.

चर्चच्या जुन्या आचार्यांना हे स्वच्छ कळलं होतं. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप संत बेसिल म्हणत, तुझ्या पेटीत घडी घालून ठेवलेला अंगरखा उघड्याचा आहे, तुझ्याकडे पडून कुजत असलेला जोडा अनवाण्याचा आहे. संत जॉन ख्रिसोस्तोम तर आपल्याजवळचं गरिबांना न देण्याला सरळ चोरी म्हणत. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हाच धागा उचलला: भुकेने मरणाऱ्याला खायला घाल, घातलं नाहीस तर तूच त्याला मारलंस. ही भाषा दानशूरपणाची नाही, देणं फेडणाऱ्याची आहे. मी महिन्याच्या सुरुवातीला काही रक्कम बाजूला काढते ती याच भावनेने. शिल्लक उरली तर देऊ, असं म्हटलं की शिल्लक उरत नाही.

तरी नुसती भावना पुरत नाही. ऑगस्ट १६१७. फ्रान्समधल्या शातियों नावाच्या गावात विन्सेंट डी पॉल हे धर्मगुरू मिस्सेची वस्त्रं चढवत होते. तेवढ्यात कुणी येऊन सांगितलं की गावाबाहेर एक अख्खं कुटुंब आजारी पडलंय, पाणी द्यायलाही माणूस उरलेलं नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले तर वाटेवर ही गर्दी! बायका अन्न घेऊन चालल्या होत्या, परतत होत्या, उन्हाने थकून कडेला बसल्या होत्या. मिरवणूक निघाल्यासारखं दृश्य होतं. दुसऱ्या कुणाला यात कृतकृत्य वाटलं असतं. विन्सेंटना काळजी वाटली. एवढं अन्न आज एकदम आलं, ते नासणार, आणि चार दिवसांनी ते घर पुन्हा रिकामं. माया भरपूर आहे, तिला घडी बसवलेली नाही, असं त्यांचं मत झालं. थोड्याच दिवसांत त्यांनी त्या बायकांची मंडळी उभी केली आणि तिच्यासाठी नियम लिहिले.

ते नियम वाचून मी थक्क झाले. पाळी कुणाची, पैशाची नोंद कशी ठेवायची, हे त्यात आहेच. शिवाय आजाऱ्याच्या घरात शिरल्यावर त्याच्याशी कसं बोलायचं, त्याला कसं भरवायचं, हेही आहे. आणि एक नियम असा: ज्या आजाऱ्याजवळ घरचं माणूस आहे त्याच्यापासून सुरुवात करा आणि जो एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जा, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येईल. चारशे वर्षं झाली त्याला. मदतीची कितीतरी धोरणं त्यानंतर लिहिली गेली असतील. माझ्या मते यापलीकडे फार थोडी गेली. गरिबाच्या गरजांची यादी करताना एकटेपणाही त्यात लिहिणारा हा माणूस होता. त्याच कामातून १६३३ मध्ये लुईज दे मारियाक यांच्या साथीने ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा धर्मभगिनींचा संघ निघाला. मठाच्या भिंतीआड न राहता रस्त्यारस्त्यांवर सेवा करणाऱ्या सिस्टर ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

दोनशे वर्षांनी पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांना बरोबरीच्या मुलांनी डिवचलं: तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल मोठं काम, आज काय करतंय? प्रश्न खरा होता. वर्षभरापूर्वीच कॉलऱ्याने शहरात हजारो माणसं गेली होती. फ्रेडरिक ओझानाम हा विशीतला तरुण आणि त्याचे मित्र १८३३ च्या एप्रिलमध्ये जमले, आणि वादाला उत्तर म्हणून गरीब वस्तीत जाऊ लागले. तिथे सिस्टर रोझाली रांद्यू आधीपासून काम करत होत्या. कुणाच्या घरी जायचं, काय न्यायचं, आणि मुख्य म्हणजे कसं ऐकायचं, हे या मुलांना त्यांनीच शिकवलं. संत विन्सेंट डी पॉल यांचं नाव घेतलेली ती संस्था आज दीडशेच्या आसपास देशांत आहे. तिची रीत अजून तीच: जोडीने जायचं, घरी जायचं, पुन्हा जायचं. कुणाला ही रीत संथ वाटेल. मला वाटतं, कार्यालयातल्या अर्जावर जे कधीच उमटत नाही ते अशा घरभेटीत कळतं. औषध मिळूनही ते वेळेवर घेता येत नाही, कारण रात्रपाळी असते. मूल शाळेत जात नाही, कारण धाकट्याला सांभाळायला दुसरं कुणी नसतं.

याच फ्रान्समध्ये विसाव्या शतकात जोसेफ व्रेझिन्स्की नावाचे धर्मगुरू होऊन गेले. ते स्वतः अतिशय गरीब घरात वाढलेले. दारात येणाऱ्या मदतनीसांपुढे आईची मान कशी खाली जाते, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. १९५६ मध्ये ते पॅरिसजवळच्या नुआझी-ल-ग्रां इथल्या बेघरांच्या छावणीत राहायला गेले. अडीचशेहून जास्त कुटुंबं तिथे चिखलात, अर्धगोल झोपड्यांत राहत होती. सुपाची आणि जुन्या कपड्यांची वाटप चालू होती. व्रेझिन्स्कींनी ती वाटप बंद करायला लावली आणि त्याऐवजी ग्रंथालय उभारलं, बालवाडी काढली, कपडे धुण्याची सोय केली, बायकांसाठी केस आणि चेहरा नीट करून घ्यायला जागा केली. भल्या माणसांना हे विचित्र वाटलं असणार. उपाशी माणसाला पुस्तक? पण त्या लोकांना काय बोचतंय हे व्रेझिन्स्कींना आतून माहीत होतं. सतत हात पसरावा लागणं हीच त्यांची सर्वांत खोल जखम होती. पुढच्या वर्षी त्या कुटुंबांना बरोबर घेऊन त्यांनी संघटना स्थापन केली. १७ ऑक्टोबर १९८७ रोजी पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात सुमारे लाखभर माणसं जमली आणि एका शिळेचं अनावरण झालं. माणसांना जिथे हलाखीत जगावं लागतं तिथे मानवी हक्कांचा भंग होतो, असं त्या शिळेवर कोरलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये तीच तारीख दारिद्र्य निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून स्वीकारली. एका छावणीतल्या माणसांनी जगाच्या दिनदर्शिकेवर एक दिवस लिहिला!

सूप बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही. दुष्काळात, भूकंपात, युद्धात आधी अन्न, पाणी आणि निवाराच लागतो. तिथे विलंब म्हणजे मृत्यू. प्रश्न पुढचा असतो. संकट सरल्यावरही आपण त्याच माणसाला त्याच रांगेत उभं ठेवतो का?

व्हेनेझुएलातल्या काराकास शहरातली गोष्ट मला याहूनही प्रिय आहे. १९५५ मध्ये होसे मारिया वेलास हे जेझुइट धर्मगुरू डोंगरउतारावरच्या गरीब वस्तीत शाळा काढायला जागा शोधत होते. अब्राहाम रेयेस नावाच्या गवंड्याने ती दिली. त्याने आणि त्याची बायको पात्रिसिया हिने कित्येक वर्षं खपून, एक-एक वीट जमवून घर बांधलं होतं, आणि तेच त्यांनी शाळेला देऊ केलं. शंभरेक मुलं जमिनीवर बसून शिकू लागली. ‘फे इ आलेग्रिया’, म्हणजे श्रद्धा आणि आनंद, या नावाची ती चळवळ आज वीसेक देशांत पोचली आहे. डांबरी रस्ता संपतो तिथे आमची शाळा सुरू होते, असं तिचे लोक सांगतात. या साऱ्याची सुरुवात कुठल्या धनाढ्य देणगीदाराने केली नाही, हे मी मुद्दाम पुन्हा सांगते. ती एका गवंड्याने केली. गरीब माणूस द्यायला उत्सुक असतो. आपण त्याला नेहमी घेण्याच्याच जागी उभं करून त्याचा तो मान काढून घेतो.

पैशाच्या बाबतीतही हेच दिसतं. इटलीतल्या फ्रान्सिस्कन साधूंनी पंधराव्या शतकात सावकारीच्या विळख्यातल्या लोकांसाठी अल्प व्याजाची तारणपेढी काढली. पेरुजातली पेढी १४६२ सालची. पण या वाटेवरचं सर्वांत मनात भरणारं काम मला कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचं वाटतं. १९२० च्या दशकात तिथले कोळी जिवावर उदार होऊन मासे आणि शेवंडी पकडत, आणि भाव दुसरेच ठरवत. जिमी टॉम्पकिन्स आणि मोझेस कोडी या दोन धर्मगुरूंनी मदतनिधी गोळा करण्याआधी अभ्यासमंडळं सुरू केली. घराघरांत, स्वयंपाकघरांत आठ-दहा जण बसायचे आणि विचारायचे: आपल्या मालाचा पैसा जातो कुठे? उत्तर सापडलं की पुढचं पाऊल लोक स्वतःच उचलायचे. मग शेवंडी डब्यात भरण्याचे सहकारी कारखाने निघाले, पतपेढ्या निघाल्या. तिथल्याच अँटिगोनिश गावच्या विद्यापीठाने १९२८ मध्ये त्यासाठी वेगळा विभागच उघडला आणि कोडी त्याचे प्रमुख झाले. स्पेनच्या बास्क प्रदेशात मोंद्रागोन इथे होसे मारिया आरिस्मेंदिआरिएता या धर्मगुरूंनी १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली. तिच्या पाच माजी विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये कामगारांच्याच मालकीचा कारखाना उभा केला. आज त्या समूहात हजारो कामगार मालक आहेत.

यातलं बरंच धर्मगुरूंनी केलं म्हणजे आपण मोकळे, असं नाही. अशा ठिकाणी धर्मगुरू होते एक-दोनच, आणि काम उभं केलं ते शेकडो साध्या माणसांनी. हिशेब ठेवता येणारा, कायदा जाणणारा, यंत्र दुरुस्त करणारा, शिकवणारा, असा प्रत्येक कॅथलिक यात काही देऊ शकतो. मात्र पंधरा दिवसांसाठी परक्या देशात जाऊन भिंत रंगवून येण्यापेक्षा, तिथल्या रंगाऱ्याची मजुरी देणं मला जास्त योग्य वाटतं.

आता थोडं अवघड. आपण भाविक माणसं अनाथाश्रमांना फार मनापासून देतो. अनाथ आणि विधवा यांचा कैवार बायबलच्या पानापानांवर आहे, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण जगभरच्या अनाथाश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. मुलाला तिथे आणून सोडणारी गोष्ट पुष्कळदा गरिबीच असते: फी भरता येत नाही, औषध परवडत नाही, अपंग मुलाची काळजी घ्यायला घरी कुणी नाही. आश्रमाला पैसा मिळतो आणि त्या आईला मिळत नाही, तेव्हा आपल्या देणगीने एक घर मोडतं. अलीकडे कॅथलिक मदतसंस्था आणि अनेक धर्मभगिनी संघ या मुलांना घरी परत नेण्याचं, त्या घराला आधार देण्याचं काम करू लागले आहेत. ते अनाथाश्रमाइतकं डोळ्यांना दिसत नाही. फोटो काढायला पाटी नसते. तिथेच द्यावं.

देताना मी आणखी काही पाहते. पैसा ठरावीक कामालाच बांधून न देता संस्थेच्या विवेकावर सोडावा, कारण गरज कुठे आहे हे तिथल्यांना अधिक कळतं. वर्षाचा हिशेब मात्र आवर्जून मागावा. मोठी आपत्ती आली की देणग्यांचा पूर येतो आणि बातमी मावळली की आटतो. म्हणून नेमाने दिलेली छोटी रक्कम फार मोलाची असते. ‘कारितास’ या कॅथलिक मदतसंस्थांच्या जाळ्यात १६० हून अधिक राष्ट्रीय संस्था आहेत. बहुतेक ठिकाणी त्या तिथल्याच लोकांनी चालवलेल्या आहेत, वादळाआधीही तिथेच होत्या आणि नंतरही असतात. दूरच्या दवाखान्यांतल्या सिस्टरांचंही तसंच. प्रकल्पाची मुदत संपते, गाड्या परत जातात, सिस्टर राहतात. आणि ही मदत कुणाचा धर्म पाहून द्यायची नाही, धर्मांतराचं साधन म्हणून तर मुळीच नाही. पोप बेनेडिक्ट यांनी २००५ मध्ये आपल्या पहिल्याच विश्वपत्रात हे निःसंदिग्ध लिहिलं. भुकेल्याला अट घालणं म्हणजे त्याच्या भुकेचा व्यापार आहे.

उपवासाचंही नातं याच्याशीच आहे. ब्रिटनमधल्या कॅथलिक स्त्रियांना १९६० मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका बेटावरून आई-बाळांच्या दवाखान्यासाठी हाक आली. त्यांनी कुटुंबासह उपवासाचा दिवस पाळला आणि वाचलेले पैसे पाठवले. त्यातूनच पुढे १९६२ मध्ये ‘कॅफोड’ ही मदतसंस्था आकाराला आली. उपवासकाळात जे सोडलं त्याचं पुढे काय झालं, हे विचारायची सवय आपल्याला हवी. ताटातलं वाचलं आणि आपल्याच खिशात राहिलं, तर त्याने दुसऱ्याची भूक भागत नाही.

तरीही काही दारिद्र्य असं आहे की आपण सगळ्यांनी सगळं दिलं तरी ते हटणार नाही, कारण ते नियमांतून जन्मतं. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये मजुरीबद्दल लिहिलं, तेव्हा हेच सांगितलं होतं. कामगाराने नाइलाजाने कमी पगार मान्य केला, तरी तेवढ्याने तो करार न्याय्य होत नाही. देशांच्या कर्जाचंही तसंच आहे. जुन्या करारात दर पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची आणि गहाण पडलेली माणसं सुटायची. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये त्या ज्युबिलीची आठवण देऊन गरीब देशांचं कर्ज हलकं करा, असं आवाहन केलं. मग जगभर साध्या माणसांनी सह्या गोळा केल्या, मानवी साखळ्या केल्या, सरकारांना पत्रं लिहिली. पुढच्या वर्षांत तीसहून अधिक देशांचं मोठं कर्ज माफ झालं. टांझानियाने २००१ मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द केली, त्यात या मोकळ्या झालेल्या पैशाचा वाटा होता. एका सहीने कुठल्या मुलीला वर्गात बसवलं, हे ती करणाऱ्याला कधीच कळणार नाही. आज पुन्हा ३०० कोटींहून जास्त माणसं अशा देशांत राहतात, जिथे सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर जेवढा खर्च करतं त्याहून जास्त कर्जाच्या व्याजावर करतं. २०२५ च्या ज्युबिली वर्षात पोप फ्रान्सिस यांनी हीच मागणी पुन्हा केली. ती पुढे नेणं हे मत देणाऱ्या, पत्र लिहिणाऱ्या, बँकेत ठेवी ठेवणाऱ्या प्रत्येक कॅथलिकाचं काम आहे. आपल्या धर्मप्रांताचा निधी कुठे गुंतवलेला आहे, हे नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात चर्चमधली मदतवाटपाची पहिली तक्रार नोंदलेली आहे. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषी विधवांना डावललं जात होतं. प्रेषितांनी सगळ्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. ती नावं बघा: स्तेफन, फिलिप, नीकानोर आणि बाकीचे. सातही नावं ग्रीक! म्हणजे, दिसतं ते असं की, ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटपाची सूत्रं दिली गेली. पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला गरिबांचा जागतिक दिवस २०१७ पासून दर नोव्हेंबरात येतो. त्या दिवशी अनेक धर्मग्रामांत, म्हणजे स्थानिक चर्चच्या मंडळींत, गरिबांसोबत एका पंगतीत जेवण होतं, ते छानच आहे. पण धर्मग्रामाची मदत समिती पुढच्या वेळी निवडली जाईल, तेव्हा मदत घेणाऱ्या घरांतली निदान दोन माणसं तिच्यावर असावीत, ही सूचना मी मांडणार आहे. निधी कुणाला, किती आणि कशासाठी, हे ठरताना ती बोलतील आणि बाकीच्यांनी ऐकायचं. वहीही त्यांच्यापैकीच एकाकडे असू द्यावी.